बोय चिखल खाऊन जगते का?

नाशिकला खाडी नाही. येथे बोय किनाऱ्यावरून येते, आणि तिच्याबरोबर ‘खाडीतला हा मासा चिखल आणि घाण खाऊनच वाढतो’ हा जुना संदेशही फिरत राहतो. साफ करताना पोटातून वाळू निघते, त्यामुळे असे वाटणे स्वाभाविक आहे. पण चिखल हे बोयीचे अन्न नव्हे. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर जो तपकिरी-सोनेरी थर दिसतो, तो बहुधा डायटम या सूक्ष्म शैवालांचा असतो. बोय तो खरवडते, सोबत कुजलेल्या वनस्पतींचे कण व त्यांवरील जिवाणूही घेते, आणि वाळू तिच्या जाड, स्नायुमय जठरात जात्यासारखे दळणाचे काम करते. हे कठीण जठर आणि शरीराहून कितीतरी लांब आतडे घरीही पाहता येते. प्रयोगशाळेतील कसोटी अधिक नेमकी आहे: खारफुटीच्या पानांत कार्बन-१३ चे (कार्बनच्या किंचित जड प्रकाराचे) प्रमाण चिखलावरील शैवालांपेक्षा साधारणपणे कमी असते आणि खाणाऱ्याच्या मांसात ती खूण उतरते, त्यामुळे मासा कशावर पोसला हे ताडता येते. सांडपाण्याची काळजी मात्र रास्त आहे, कारण दूषित खाडीत शैवालाबरोबर तसाच गाळही पोटात जातो; म्हणून मासा कोणत्या खाडीचा, हे विक्रेत्याला अवश्य विचारावे.