नांदरूकाचे बोन्साय (सोलापूर परिसर)

नांदरूक हे वड, पिंपळ, उंबर आणि अंजीर यांच्या कुळातले सदाहरित झाड. शास्त्रीय नाव फायकस मायक्रोकार्पा. रोपवाटिकेत मात्र 'फायकस' म्हणूनच मागावे लागते. 'बोन' म्हणजे तबक आणि 'साय' म्हणजे लागवड, या जपानी शब्दांवरून बोन्साय हे नाव आले. मराठीत त्याला वामनवृक्ष असेही म्हणतात.

'अंजिराचे बोन्साय करू' ही नवशिक्याची पहिली हौस असते. अंजिराचे पान मोठे असते आणि छाटून ते पुरेसे लहान होत नाही, फळ तर मुळीच लहान होत नाही, आणि हिवाळ्यात झाड उघडे पडते. पिंपळाचा देठ लांब असल्याने छोट्या झाडावर पाने लोंबत राहतात. वड चांगला, पण मोठ्या तबकातच शोभतो. नांदरूकाचे पान मुळातच लहान आणि चिवट. त्याच्या जून लाकडावरही नवे डोळे फुटतात आणि छाटणीतल्या चुका ते पोटात घालते. सुरुवातीला हेच झाड घ्यावे.

सोलापुरात हे झाड वाढवताना पहिला अडथळा कॅलेंडरचा येतो. थंड देशांतली पुस्तके कुंडीबदल वसंताच्या तोंडावर करायला सांगतात. इथे फेब्रुवारीअखेर मुळे छाटली, तर ती सावरायच्या आतच उन्हाळा गाठतो आणि मे महिन्यात पारा 42 अंशांपुढे जातो. म्हणून मुळांचे काम मृगाचा पाऊस पडून हवेत दमटपणा आला की, साधारण जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत उरकावे. नांदरूक उष्ण प्रदेशातलेच असल्याने ऊबदार, दमट हवेत त्याची मुळे झपाट्याने धरतात.

दुसरी मोठी चूक म्हणजे रोप आणले की लगेच उथळ तबकात बसवणे. खोड छाटणीने जाड होत नाही. वरचा शेंडा मोकळा वाढू दिला तरच होते. तबकात अडकलेले करंगळीएवढे खोड पाच वर्षांनीही करंगळीएवढेच दिसते. आधी दोन-तीन वर्षे रोप 30 ते 35 सेंमी रुंदीच्या कुंडीत किंवा तळाला भोके पाडलेल्या जुन्या घमेल्यात ठेवावे. लावताना मुळांखाली कौलाचा सपाट तुकडा घातला, की मुळे खाली न जाता चहूबाजूंनी पसरतात. पुढे पायथ्याशी दिसणारा मुळांचा घेर यातूनच घडतो. खोड मनाजोगते झाले, की पावसाळ्यात एखाद्या खालच्या फांदीच्या वर तिरका काप घेऊन शेंडा उडवावा. तीच फांदी पुढचा शेंडा होते आणि खोड वर निमुळते होत जाते. पांढरा चीक ओल्या फडक्याने टिपून जखमेला बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीरोधक लेप) लावावी. डाळिंब बागायतदाराच्या घरी ती हमखास सापडते. चीक डोळ्यांना आणि त्वचेला झोंबतो.

घाई असेल त्याने गुटी कलम बांधावे, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळे फोडून मग ती कापून लावावी. मोठ्या झाडाची अंगठ्याएवढी जाड, वळणदार फांदी निवडून 3 ते 4 सेंमी रुंदीची साल गोल काढावी, आतला हिरवट थर खरवडावा, ओले शेवाळ (स्फॅग्नम मॉस) लावून प्लास्टिकने घट्ट बांधावे. थर राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळे फुटत नाहीत. पावसाळ्यात सहा ते आठ आठवड्यांत मुळे दिसू लागतात.

सोलापूरची काळी माती कुंडीत वापरू नये. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते आणि बारीक मुळे तुटतात. विटांचा चुरा 2 भाग, मुरूम 1 भाग, पूर्ण कुजलेले शेणखत 1 भाग हे मिश्रण चालते. चुरा आणि मुरूम 3 ते 5 मिमीचे चाळून, धुऊन घ्यावेत. न धुतलेल्या मुरमाची भुकटी तळाशी बसून पाण्याची वाट बंद करते. तबकात गेल्यावर दर दोन वर्षांनी झाड काढून बाहेरची एक तृतीयांश मुळे छाटावीत. नंतर दोन-तीन आठवडे सावली द्यावी, महिनाभर खत देऊ नये.

एप्रिल-मे मध्ये रोज दोन वेळा पाणी लागते. डाळिंबाला बहरासाठी पाणी तोडून ताण देतात तसा ताण याला देऊ नये. उथळ तबकात एका दुपारीच मुळे भाजतात. गच्चीची शहाबादी फरशी तापते, म्हणून तबक विटांवर उचलून, 50 टक्के शेडनेटखाली ठेवावे. बोअरचे पाणी जड असेल तर कुंडीच्या काठावर पांढरे क्षार साचतात आणि नवी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. तेव्हा खत वाढवून उपयोग नसतो. साठवलेले पावसाचे पाणी तळातून भरपूर वाहू देऊन माती धुवावी लागते.

फांद्या वळवायला अॅल्युमिनियमची तार वापरतात. जाडी फांदीच्या एक तृतीयांश, गुंडाळी 45 अंशांत. पावसाळ्यात फांदी इतक्या वेगाने फुगते की सहा आठवड्यांत तार सालीत रुतते, म्हणून दर आठवड्याला पाहावे. काढताना उलगडू नये, कटरने तुकडे करून काढावी.

पाने लहान करण्यासाठी निरोगी झाडाची सगळी पाने देठ ठेवून कापतात. नवी पालवी दोन-तीन आठवड्यांत येते आणि बरीच लहान असते. ज्या वर्षी मुळे छाटली त्या वर्षी हे करू नये.

पारंब्या हा नांदरूकाचा खरा डौल, पण इथल्या कोरड्या हवेत त्या सुटल्या तरी टोके वाळतात. कोवळ्या पारंबीवर उभी चिरलेली सरबताची नळी चढवून आत ओला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरावा आणि नळी मातीपर्यंत न्यावी. पारंबी मातीत रुजल्यावर नळी काढतात. मग ती भराभर जाड होते.

पाने मिटून शेंगेसारखी दिसली, तर आत काळे फुलकिडे असतात. त्यांच्यावर फवारणी नीट पोहोचत नाही. मिटलेली पाने तोडून नष्ट करावीत, मग लिटरला 5 मिली निंबोळी तेल आणि थोडे साबणपाणी मिसळून संध्याकाळी फवारावे.