सहा इंचांचं भोक

गोव्यात पर्वरीच्या उतारावर आमची सोसायटी. खालच्या कोपऱ्यात एक तळं आहे. तळं कसलं, सिमेंटच्या कडेचा लांबट खड्डा: तीस मीटर लांब, दहा मीटर रुंद, पोटात मीटरभर पाणी मावेल एवढा. बिल्डरच्या पत्रकात त्याला ‘वॉटर बॉडी’ म्हटलं होतं. पहिल्याच जुलैत ते काठोकाठ भरलं आणि मीटिंगमध्ये सगळ्यांचा एकच सूर लागला, बाहेर जाणारा पाईप लहान ठेवलाय, बिल्डरने पैसे वाचवले. पाईप सहा इंची होता. वर्गणी काढून आम्ही तो बारा इंची केला. हात वर करणाऱ्यांत मीही होतो.

पुढच्या मोठ्या पावसात तळं भरलंच नाही आणि आम्ही खूष झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या शेताचे मालक वर आले. त्यांच्या शेताचा बांध दोन ठिकाणी फुटला होता आणि तरव्यावर, म्हणजे भाताच्या रोपांवर, लाल मातीचा थर बसला होता. ते फारसं काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, “पावस देवाचो, पूण हें उदक तुमचें.”

मग मी कागद-पेन घेऊन बसलो. हे आधी करायला हवं होतं.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. आमची जागा दहा हजार चौरस मीटर. गोव्यात तासाला पन्नास मिलिमीटरची सर काही नवलाची नाही. ती कोसळली की आमच्या आवारात पाच लाख लिटर पाणी उतरतं. पूर्वी इथे काजू आणि करवंदांची जाळी होती. तेव्हा त्यातला साधारण तीस टक्के भाग उतारावरून वाहत असणार, बाकीचा मुरायचा, पानापाचोळ्यात अडकायचा. आता छपरं, पेव्हर, पार्किंग. ऐंशी टक्के थेट वाहतं. म्हणजे पूर्वी सेकंदाला बेचाळीस लिटर खाली जायचं, आता एकशे अकरा. ढग तेच, पाऊस तोच. (जुलैच्या मध्यावर जमीन तुडुंब भिजली की रानातूनही तीसहून जास्त वाहतं. पण तुलना कळायला हा आकडा पुरेसा आहे.)

आता ते भोक. भोकाच्या वर मीटरभर पाणी उभं असेल तर सहा इंची भोकातून सेकंदाला सुमारे सत्तेचाळीस लिटर बाहेर पडतं, जवळपास काजूच्या दिवसांइतकंच. हा योगायोग नव्हता. कोणीतरी डोकं लावून तो आकार काढला होता आणि आम्ही त्याला चिक्कू ठरवलं. व्यास दुप्पट केला की भोकाचं क्षेत्रफळ चौपट होतं. बारा इंचांतून सेकंदाला एकशे अठ्ठ्याऐंशी लिटर जाऊ शकतं, आणि तळ्यात येतं एकशे अकराच. मग तळं भरणार कशाला? आलेलं पाणी तसंच शेतात. लाखो रुपयांच्या खड्ड्याला आम्ही गटाराचा रुंद तुकडा करून टाकलं होतं.

भरलेलं तळं सहा इंची भोकातून रिकामं व्हायला साडेतीन तास लागतात. अशा तळ्याचं काम एवढंच, पाणी लांबवणं. साठवणं नव्हे.

हे लांबवणं पूर्वी फुकटात व्हायचं. गोव्याचा सडा, म्हणजे डोंगरावरचं पठार, जांभ्याचा आहे. चिऱ्याच्या खाणीत कडेला उभं राहून पाहिलं तर दगड मधाच्या पोळ्यासारखा भोकाभोकांचा दिसतो. पाणी त्यातून खाली उतरतं, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडतं आणि आडवं सरकत डोंगराच्या पायथ्याशी झर होऊन बाहेर येतं. केसरव्हाळची झर अशीच. पणजीत आल्तिनोच्या पायथ्याशी तर अख्ख्या वाड्याला, फोंतेन्हासला, झऱ्याचं नाव मिळालं. जुलैतला पाऊस जानेवारीत प्यायचा, ही त्या दगडाची किमया. सड्यावर काँक्रीट ओतलं की एकाच घावात दोन गोष्टी होतात: पावसाळ्यात खाली पूर, आणि मार्चमध्ये झर आटलेली.

गोव्यात आणखी एक गुंता आहे, भरती. मांडवी आणि जुवारीच्या काठच्या सखल भागांत पावसाचं पाणी शेवटी जिथे जायचं ती नदीच दिवसातून दोनदा चढते, उधाणाला सुमारे दोन मीटर. ऐन भरतीला मुसळधार लागला की गटार कितीही रुंद करा, पाणी जाणार कुठे? सहा तास ते कुठेतरी थांबायलाच हवं.

आपल्या खाजनांत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनींत, ही सोय शेकडो वर्षं आहे. बांधात मानस असते, म्हणजे पाण्याचं दार. लाकडी झडपा अशा बसवलेल्या, की चढती भरती त्यांना ढकलून आपोआप बंद करते आणि ओहोटी लागली की आतलं पाणी त्यांना उघडतं. दार बंद असेपर्यंत वरून आलेलं पाणी थांबायला आत पोंय, शेतापेक्षा खोल राखलेली जागा. वीज नाही, पंप नाही. अशी पोंय बुजवून प्लॉट पाडायचे आणि मग पंप बसवायची निविदा काढायची, याला काय म्हणावं ते मला सुचत नाही.

आमच्या तळ्याकडे परत. पाईप काढण्याइतके पैसे उरले नव्हते, म्हणून त्याच्या तोंडावर स्टीलची जाड प्लेट बोल्टने बसवली, मधोमध सहा इंचांचं भोक. तळ्यात मावणार नाही एवढी मोठी सर आली तर जादा पाणी कडेच्या सांडव्यावरून जातं, तिथे माती वाहून जाऊ नये म्हणून दगड बसवलेत.

खरा ताप पुढेच सुरू झाला. लहान भोक लवकर तुंबतं. पहिल्या पावसात जाळीवर काय सापडलं? माडाची झावळी, दुधाच्या पिशव्या, एक चप्पल आणि या सगळ्याला चिकटवणारा लाल चिखल. म्हणून पाणी तळ्यात शिरण्याआधी एक छोटी कुंडी बांधली, गाळ तिथेच बसतो. मे महिन्यात ती उपसायची. जूनमध्ये आठवण झाली तर उशीर झाला.

काहींना तळं बारमाही भरलेलं हवं होतं, कमळं सोडायला. त्यांच्याशी भांडावं लागलं. भरलेल्या तळ्यात पुढची सर मावणार कुठे? शिवाय डास. अंड्यापासून उडत्या डासापर्यंत साधारण आठवडाभर लागतो, त्यामुळे दोन-तीन दिवसांत सुकणारं तळं त्यांच्या कामाचं नाही. डासांना तळ्याचा तळ नीट उतरता नसल्यामुळे राहिलेली डबकी जास्त प्रिय. ती आम्ही सिमेंटने बुजवली. दोन फ्लॅटच्या वॉशिंग मशीनचं पाणी मात्र अजून पावसाच्या गटारातच सोडलेलं आहे. त्यांना तीनदा सांगून झालं.

यंदा जूनमध्ये शेताचे मालक पुन्हा वर आले, छत्री घेऊन. प्लेटजवळ बसले, भोकावर वीत ताणून बघितली. करंगळी बाहेर राहिली.

“पुरो,” म्हणाले, आणि जाताना जाळीवरची झावळी ओढून बाजूला टाकून गेले.