लक्षवेधी सूचना

तातडीच्या व सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीकडे सभागृहात मंत्र्याचे लक्ष वेधून त्याच्याकडून निवेदन मागण्याची संसदीय पद्धत. बोलण्यात नुसते ‘लक्षवेधी’. महाराष्ट्र विधानसभेत ती नियम १०५ अन्वये, विधानपरिषदेत नियम १०१ अन्वये आणि लोकसभेत नियम १९७ अन्वये मांडतात. आपली बरीच संसदीय आयुधे ब्रिटिश परंपरेतून आली. लक्षवेधी मात्र इथे घडली. लोकसभेत ती १९५४ पासून आहे. स्थगन प्रस्तावात, म्हणजे ठरलेले कामकाज थांबवून तातडीच्या विषयावर चर्चा मागण्यात, सरकारवर ठपका ठेवण्याचा सूर असतो आणि तो स्वीकारला जाणे दुर्मीळ. लक्षवेधीत ठपका नाही, मतदान नाही. त्यामुळे सत्ताधारी बाकांवरचा आमदारही ती स्वतःच्या सरकारपुढे बिनदिक्कत मांडतो. ग्रामीण मतदारसंघाच्या आमदाराला हे आयुध जवळचे वाटते ते यामुळेच.

सूचनेचा मजकूर ठरावीक साच्यातला असतो. तालुक्याच्या नावाने सुरुवात, मग एकामागून एक ‘-णे’ने संपणारी क्रियापदे: कालव्याचे आवर्तन (पाणी सोडण्याची पाळी) वेळेवर न सुटणे, टेलच्या (कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या) गावांना पाणी न पोचणे, उभी पिके वाळून जाणे, शेतकऱ्यांत असंतोषाचे वातावरण पसरणे, ‘याबाबत शासनाने करावयाची कार्यवाही व शासनाची प्रतिक्रिया’. वाक्य अर्ध्या पानाचे झाले तरी पूर्णविराम येत नाही. गावच्या चावडीवरची तक्रार तातडीची आणि सार्वजनिक महत्त्वाची ठरावी, यासाठी हा सगळा खटाटोप. एका शेतकऱ्याच्या विहिरीचा वाद इथे बसत नाही, कालव्याच्या एका फाट्यावरच्या दहा गावांचा बसतो. मतदारसंघाची नाडी माहीत असलेला आमदार ही बेरीज आधीच करून येतो.

तारांकित प्रश्नाची, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाची, तऱ्हा वेगळी. ‘हे खरे आहे काय’, ‘असल्यास’, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय’ असे त्याचे भाग असतात आणि उत्तरे ‘हे अंशतः खरे आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’ अशी येतात. एका ओळीत निसटण्याची ही सोय लक्षवेधीत कमी. मंत्र्याला निवेदन करावे लागते. ते सदस्यांना छापील स्वरूपात मिळते आणि त्यावर सूचना देणारे सदस्य उपप्रश्न विचारतात. निवेदन मोघम निघाले, मंत्री गैरहजर असला किंवा माहिती अपुरी असली, तर अध्यक्ष लक्षवेधी राखून ठेवतात. ‘राखून ठेवली’ याचा अर्थ फेटाळली असा नव्हे. विभागाला पुन्हा तयारी करून यावे लागते.

लक्षवेधीचे बरेचसे काम मात्र सभागृहाबाहेर होते आणि तिचे खरे बळ तिथेच आहे. सूचना दाखल होताच मंत्रालयातला कक्ष अधिकारी जिल्हाधिकारी कार्यालयाकडून माहिती मागवतो. तिथून चक्र तहसीलदार आणि तलाठ्यापर्यंत फिरते. अधिवेशनकाळात कार्यालयांत ‘एलएक्यू’ची, म्हणजे विधिमंडळाच्या प्रश्नांची, धास्ती असते ती यामुळे. महिनोन्महिने धूळ खात पडलेली फाईल उत्तर लिहायचे म्हणून उघडली जाते आणि कधीकधी लक्षवेधी सभागृहात लागण्याआधीच काम मार्गी लागते. कामकाजाच्या नोंदीत अर्थातच याचा मागमूस नसतो.

दुष्काळी तालुक्याचा प्रश्न सभागृहात किती वर्षे लावून धरता येतो, याचे ठळक उदाहरण म्हणजे सोलापूर जिल्ह्यातील सांगोला. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख तेथून १९६२ मध्ये पहिल्यांदा आणि एकूण ११ वेळा निवडून आले. १९७२ आणि १९९५ मध्ये ते पराभूत झाले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परतले आणि २०१९ पर्यंत विधानसभेत होते. १९७८ आणि १९९९ मधील मंत्रिपदांचा काळ सोडला, तर त्यांची बहुतेक कारकीर्द विरोधी बाकांवर गेली. पक्ष बदलला नाही आणि विषयही फारसा बदलला नाही: दुष्काळ, रोजगार हमी, पाणी. सांगोला पर्जन्यछायेत आहे. माण नदी तालुक्यातून जाते खरी, पण वर्षाचा बराच काळ कोरडी असते. म्हणून पाणी बाहेरूनच आणावे लागते. नीरा उजव्या कालव्याच्या शेपटाला असल्याने तिकडून येणाऱ्या आवर्तनाची नेहमीच ओढाताण होते, आणि टेंभू व म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे पाणी कृष्णेतून टप्प्याटप्प्याने उचलून आणायचे. टेंभूची सुरुवात कराड तालुक्यात होते आणि सांगोला तिच्या शेवटच्या टोकाला येतो. योजना मंजूर होणे, तिला निधी मिळणे, पंप बसणे, वीजबिल कोणी भरायचे हे ठरणे आणि अखेर टेलला पाणी येणे, यांतील प्रत्येक पायरीवर सभागृहात नवा प्रश्न निघतो.

गणपतरावांनी हा विषय फक्त सभागृहावर सोडला नाही. स्वातंत्र्यसैनिक क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासोबत १९९३ पासून सांगली जिल्ह्यातील आटपाडीला भरू लागलेल्या पाणी परिषदांतून कृष्णा खोऱ्यातील १३ दुष्काळी तालुक्यांची मागणी एकत्र झाली. बाहेर परिषद, आत प्रश्न, अशी ही जोडी. विधिमंडळात एकट्या तालुक्याचे वजन ते किती! तेरा तालुक्यांचा प्रश्न मात्र सहजासहजी बाजूला सारता येत नाही.

एखाद्या जिल्ह्याची लक्षवेधी कुठवर जाते, याचा उलट टोकाचा दाखला २००५ चा. रायगड जिल्ह्यातील डान्सबारविषयी पनवेलचे आमदार विवेक पाटील यांनी लक्षवेधी मांडली. तिला उत्तर देताना ३० मार्च २००५ रोजी गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी बंदीची घोषणा केली. मुंबई पोलीस अधिनियमात दुरुस्ती झाली, बंदी राज्यभर लागू झाली. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती रद्द ठरवली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय कायम केला. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. पण हजारो बारबालांच्या पोटापाण्यावर परिणाम करणारा निर्णय लक्षवेधीच्या उत्तरात उभ्या उभ्या जाहीर व्हावा, हे या पद्धतीचे बळही आहे आणि धोकाही.

एरवी लक्षवेधीचे फलित म्हणजे आश्वासन. ‘एक महिन्यात चौकशी पूर्ण करू’, ‘संबंधित आमदारांसमवेत बैठक घेऊ’ असे मंत्री बोलले की ते नोंदीत जाते आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. लोकसभेत आश्वासनाची पूर्तता तीन महिन्यांत अपेक्षित असते, पण मुदतवाढी तिथेही सर्रास मागितल्या जातात. जाणता आमदार म्हणूनच उपप्रश्नात भाषण ठोकत नाही, तारीख मागतो. ‘लवकरात लवकर’ हे उत्तर आले की ‘किती दिवसांत’ असे विचारतो, कारण समितीला धरता येते ती तारीख.

अलीकडे लक्षवेधींची संख्या एवढी वाढली आहे की त्या उरकण्यासाठी सकाळी लवकर विशेष बैठकी घ्याव्या लागतात. अशा वेळी सभागृह निम्मेही भरलेले नसते. आमदाराचे बोलणे थेट प्रक्षेपणातून कापून काही तासांत मतदारसंघातल्या मोबाइलवर फिरते, आणि कित्येकांची सूचना तेवढ्यासाठीच असते. त्यामुळे उपप्रश्न लांबतात, मंत्र्याचे उत्तर आखडते आणि यादीच्या तळाशी असलेल्या तालुक्याची लक्षवेधी पुढच्या दिवशी ढकलली जाते.