बर्ग्युनची गाडी गोल गोल का फिरते?

स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडेन भागातलं बर्ग्युन. तिथे उतरलात की आधी गावात एक चक्कर माराच. जुन्या जाड भिंतींच्या घरांवर सुंदर नक्षी दिसते, लांबून वाटतं रंगवलीय, जवळ गेलं की कळतं खरवडलेली आहे. खाली गडद गिलावा, वर चुन्याचा पांढरा हात आणि तो ओला असतानाच खरवडायचा, की खालचा रंग वर येतो. स्ग्राफितो म्हणतात त्याला, मी बोट फिरवून बघितलं, खाच चांगली लागते हाताला.

पण खरी गंमत गावाच्या वर आहे. पुढचं स्टेशन प्रेडा, बर्ग्युनपेक्षा साधारण ४१७ मीटर उंच, आणि सरळ अंतर फक्त पाच-सहा किलोमीटर. आता लोखंडी चाक लोखंडी रुळावर, पकड मुळातच कमी, त्यामुळे इथे जास्तीत जास्त चढ ठेवलाय हजार मीटरला ३५ मीटर. हाही कमी नाही बरं का, आपल्या बोरघाटात १:३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर, आणि तिथे मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात, इथे जवळपास १:२९! म्हणजे प्रत्येक टनामागे ३५ किलोचा जोर नुसता चढ चढायलाच जातो.

आता ४१७ भागिले ०.०३५ करा, जवळजवळ १२ किलोमीटर येतात. दरीत तेवढी जागाच नाही, मग रूळ गुंडाळले! गाडी डोंगराच्या पोटात शिरते, आत पूर्ण गोल फिरते आणि बाहेर येते तेव्हा मघाचे रूळ खाली दिसतात. रूळ मीटर गेज घेतले म्हणून एवढी घट्ट वळणं बसली. हे सगळं १९०३ साली सुरू झालं, तेव्हा वाफेची इंजिनं होती, वीज आली १९१९ मध्ये. २००८ पासून हा मार्ग जागतिक वारशात आहे.

प्रेडाहून रुळांच्या बाजूने पायवाट उतरते, ती चालाच. एकच लाल गाडी आधी डोक्यावर, मग समोर, मग पायाखाली दिसते, मी तर दर वेळी थांबून बघत होतो.

२९ ऑक्टोबर २०२२ ला याच वळणांवरून १०० डब्यांची, १९१० मीटर लांब गाडी खाली आणली, जगातली सगळ्यात लांब पॅसेंजर गाडी. उतरताना गाडीच्या विजेच्या मोटारी जनरेटरसारख्या चालतात आणि वीज रुळांवरच्या तारेत परत जाते, ती तारांना झेपावी म्हणून वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आसपासच ठेवला होता.