डीपीलाही रात्रीचा विसावा लागतो

मे महिन्यात भुसावळचा पारा 45 च्या पुढे गेला की बातमी दुपारची होते. विजेच्या जाळ्याचं खरं दुखणं मात्र त्यानंतरच्या रात्रीत असतं.

डीपीत, म्हणजे रोहित्रात, वेटोळ्यांच्या तारेवर कागद गुंडाळलेला असतो आणि सगळं तेलात बुडवलेलं. उष्णतेने कागद ठिसूळ होतो. वेटोळ्याची सर्वांत तापलेली जागा 98 अंशांवर राहील, असं धरून साध्या कागदाचं आयुष्य मोजतात. त्यावर दर 6 अंशांना झीज दुप्पट. 110 अंशांवर चौपट. पहाटे हवा गार झाली, लोड उतरला की तेल निवतं आणि झीज मंदावते. पण पारा तिशीखाली उतरत नाही अशा रात्री कूलर-एसी पहाटेपर्यंत चालतात आणि हा विसावाच बुडतो. डीपी सहसा एका दुपारीत जळत नाही. अशा रात्री साठत जातात.

तारांचं गणित निराळं. दोन मनोऱ्यांमधल्या 300 मीटरच्या गाळ्यात तार 40 अंशांनी तापली तर लांबते जेमतेम वीतभर, पण झोल मीटरभराहून जास्त वाढतो. 220 केव्हीची तार जमिनीपासून किमान 7 मीटर वर हवी, म्हणून तारेच्या तापमानाला मर्यादा घालावी लागते. ती 75 अंश धरली, तर 25 अंशांच्या हवेत तारेला 50 अंश तापायला मोकळीक मिळते, 45 अंशांत फक्त 30. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, त्यामुळे तीच तार अंदाजे पाऊणपटच करंट वाहू शकते. तेही मागणी शिगेला असताना! 30 मे 2024 रोजी देशाची मागणी 2,50,000 मेगावॅटवर गेली होती.

निर्मितीलाही ऊन बाधतं. साक्रीच्या माळावरचं सोलर पॅनल उन्हावर चालतं खरं, पण त्याची क्षमता 25 अंशांवर मोजलेली असते. पॅनल 65 अंशांपर्यंत तापलं, की दर अंशाला 0.4 टक्के या हिशेबाने 16 टक्के वीज घटते. दीपनगरसारख्या औष्णिक केंद्रात वाफ थंड करायचं पाणीच कोमट असेल, तर कंडेन्सरमधली, म्हणजे वाफेचं पुन्हा पाणी होतं तिथली, निर्वात पोकळी ढिली पडते आणि तेवढ्याच कोळशात वीज कमी निघते.

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात उन्हाळ्यात बागेला पाणी जास्त लागतं, म्हणून पंप जास्त वेळ चालतात. 100 केव्हीए क्षमतेच्या डीपीवर 5 एचपीचे सोळा-सतरा पंप एकदम चालले की ती भरली. व्होल्टेज पडलं की मोटर उलट जास्त करंट ओढते, डीपी आणखी तापते. इथे स्वस्त उपाय आहे तो कॅपॅसिटरचा. 5 एचपीच्या मोटरला 2 केव्हीएआरचा कॅपॅसिटर जोडला, तर पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या करंटपैकी खऱ्या कामी येणारा वाटा, 0.8 वरून 0.95 च्या आसपास येतो, करंट सुमारे 15 टक्क्यांनी उतरतो आणि त्या करंटमुळे तारेत वाया जाणारी उष्णता 28 टक्क्यांनी. बऱ्याच स्टार्टरच्या पेट्यांत कॅपॅसिटर असतोही; फक्त फुगलेला, नाहीतर वायर काढून ठेवलेला.