शब्द ओठांवर येईपर्यंत

दोन माणसं गप्पा मारत असताना एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत किती वेळ जातो? 10 वेगवेगळ्या भाषांमधल्या संवादांचं मोजमाप केलेला एक अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. त्यात उत्तर निघालं सरासरी सुमारे 200 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. भाषेभाषेत फरक होता, पण फार मोठा नव्हता. आता दुसरा आकडा बघा. चित्र दाखवून त्याचं नाव विचारलं, तर चांगल्या बोलक्या माणसालाही तोंड उघडायला साधारण 600 मिलिसेकंद लागतात. हिशोब जुळत नाही ना? तो एकाच रीतीने जुळतो. समोरचा बोलत असतानाच आपण आपलं वाक्य जुळवायला घेतलेलं असतं. ऐकणं, त्याचं कधी संपेल याचा अंदाज बांधणं, शब्द शोधणं, जीभ-ओठ तयारीत आणणं, सगळं एकाच वेळी चालू असतं आणि आपल्या गावीही नसतं.

डिस्प्रॅक्सिया असलेल्या माणसाला यातलं बरंच काही जाणीवपूर्वक करावं लागतं.

डिस्प्रॅक्सिया म्हटलं की लोकांना वेंधळेपणा आठवतो. बटणं लावताना होणारी झटापट, हातातून निसटणारा चेंडू, वाकडंतिकडं अक्षर, येता-जाता लागणारी ठेच. डॉक्टर याला डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर म्हणतात आणि 5 ते 11 वर्षांच्या मुलांमध्ये त्याचं प्रमाण 5 ते 6 टक्के धरलं जातं. स्नायूंत ताकद असते, बुद्धीत काही कमी नसतं. अडतं ते हालचालीची आखणी करण्यात आणि ती अंगवळणी पडण्यात. बोलणं हीसुद्धा हालचालच आहे, किंबहुना माणूस रोज करतो त्यातली सर्वांत नाजूक हालचाल. तरी निदानाच्या वेळी सगळ्यांचं लक्ष हातापायांकडे.

‘तार’, ‘दार’, ‘धार’ हे तीन शब्द मोठ्याने म्हणून बघा. तिन्ही वेळा जीभ दातांमागे जवळपास त्याच जागी टेकते. फरक आहे तो स्वरतंतू कधी थरथरू लागतात याचा. ‘दार’मध्ये जीभ सुटण्याआधीच कंप सुरू होतो, ‘तार’मध्ये सुटता सुटता, आणि ‘धार’मध्ये कंपाच्या जोडीला श्वासाचा झोतही लागतो. सगळा खेळ सेकंदाच्या काही शतांश भागांचा. साध्या गप्पांमध्ये आपण सेकंदाला 10-15 ध्वनी काढतो आणि प्रत्येक वेळी फुप्फुसं, स्वरयंत्र, मऊ टाळू, जीभ, जबडा आणि ओठ यांची वेळ जुळावी लागते. जिभेला हाड नसतं असं आपण वाटेल ते बोलणाऱ्याला सुनावतो, पण शरीरशास्त्राच्या दृष्टीने खरी पंचाईत तीच आहे. हाड नाही, सांधा नाही, त्यामुळे ती कुठेही, कशीही वळू शकते. इतक्या मोकळ्या अवयवाला ठरल्या क्षणी ठरल्या जागी पोचवायचं तर मेंदूला आधीच नेमकी आखणी करावी लागते.

ही आखणीच मुळात अडखळत असेल, तर त्याला व्हर्बल डिस्प्रॅक्सिया किंवा चाइल्डहुड अप्रॅक्सिया ऑफ स्पीच म्हणतात. हजारात 1 ते 2 मुलांमध्ये तो आढळतो. हातापायांचा डिस्प्रॅक्सिया आणि हा, दोन्ही एकाच मुलात असू शकतात, पण असतीलच असं नाही. बोबडं बोलणारं मूल बहुधा ठरावीक चूक करतं, ‘र’चा ‘ल’ तर प्रत्येक वेळी ‘ल’. व्हर्बल डिस्प्रॅक्सियात चूकही भरवशाची नसते. ‘कपाट’ म्हणायला सांगितलं तर एकदा ‘पकाट’, पुढच्या वेळी ‘तपात’, आणि मध्येच एकदा चक्क स्वच्छ ‘कपाट’. स्वरही घसरतात. एका अक्षरावरून दुसऱ्यावर जाताना फट पडते, शब्दातला जोर भलत्याच ठिकाणी येतो, आणि शब्द जितका लांब तितकी अडचण जास्त. 1 ते 10 आकडे ओळीने घडाघडा म्हणणारं मूल ‘तुझं वय काय?’ या प्रश्नावर त्यातलाच एक आकडा उच्चारताना घायकुतीला येतं. ‘मघाशी आलं, मग आत्ता का नाही?’ असं मोठी माणसं वैतागून विचारतात. मूल आळशी किंवा हट्टी ठरतं ते इथेच. वास्तविक सवयीने निघणारं बोलणं आणि ठरवून काढलेलं बोलणं यांतली ही तफावत निदानाची एक खूण आहे.

कारण बहुतेक वेळा सापडत नाही. लंडनमधल्या एका कुटुंबात तीन पिढ्यांतल्या जवळपास निम्म्या लोकांना ही अडचण होती. त्यांच्यावरच्या संशोधनातून 2001 साली फॉक्सपी2 हा जनुक हाती लागला आणि वर्तमानपत्रांनी त्याचं ‘भाषेचा जनुक’ असं बारसं करून टाकलं. मला हे नाव कधीच पटलं नाही. त्या कुटुंबाची सर्वांत ठळक अडचण तोंडाच्या हालचालींची होती, आणि त्या जनुकातला बिघाड अशी अडचण असलेल्या मुलांपैकी फार थोड्यांमध्येच दिसतो.

उच्चार स्वच्छ असलेल्या, फक्त हातापायांचा डिस्प्रॅक्सिया असलेल्या मोठ्या माणसांची गोष्ट जरा वेगळी. त्यांचं बोलणं ऐकून काही खटकत नाही. पण चार जणांच्या गप्पांत ते गप्प असतात, नाहीतर भलत्या क्षणी मध्येच तोंड घालतात. दोन्हींचं मूळ बहुधा एकच. सांगण्यासारखं असतं, पण मांडणी होईपर्यंत विषय पुढे सरकलेला असतो. मग पुढच्या वेळी ‘आत्ता नाही बोललो तर राहून जाईल’ म्हणून माणूस घाईने बोलून टाकतो आणि उद्धट ठरतो. काहींना आवाजाची पट्टी राखता येत नाही. शांत खोलीत ते मोठ्याने बोलतात, गोंगाटात पुटपुटतात. बोलण्याचा वेग वाढत जातो, एखादा किस्सा मधूनच सुरू होतो, महत्त्वाचं नाव शेवटी येतं. ऐकणाऱ्याला वाटतं, याच्या डोक्यातच गोंधळ आहे. गोंधळ असतो तो क्रम लावण्यात.

त्यात शरीर आपला वाटा मागतंच. चालणं, हातात कप सांभाळणं, खुर्चीत नीट बसणं या गोष्टी इतरांच्या नकळत होतात. इथे त्यांच्यावरही थोडं लक्ष खर्च होतं, म्हणून चालता चालता बोलायचं झालं की एकतर पाय मंदावतात किंवा वाक्य तुटतं. डिस्प्रॅक्सियाच्या सोबत एडीएचडी (लक्ष टिकवण्यात अडचण, अतिचंचलपणा) किंवा ऑटिझमही बऱ्याचदा असतो, त्यामुळे कुठली अडचण कशामुळे आली हे दर वेळी सुटं करून सांगता येत नाही.

उपचारांबद्दल एक गोष्ट ठासून सांगायला हवी. फुगे फुगवणं, शिट्ट्या वाजवणं, जीभ आत-बाहेर करणं असे तोंडाचे व्यायाम अजूनही सर्रास सांगितले जातात. त्यांनी बोलणं सुधारतं याला भक्कम पुरावा नाही. स्नायू दुबळे नसतानाच त्यांना ताकदीचा खुराक द्यायचा, याला अर्थ काय? बोलणं बोलूनच सुधारतं. स्पीच थेरपिस्ट मुलाला समोर बसवून शब्द आधी सावकाश, बरोबरीने म्हणतात, ओठांची ठेवण दाखवतात, गरज पडली तर हनुवटीला हात लावून दिशा देतात आणि मग हळूहळू आधार काढून घेतात. आठवड्यातून एकदा तासभर बसण्यापेक्षा थोडा थोडा वेळ पण वरचेवर केलेला सराव जास्त उपयोगी पडतो. दरम्यान चित्रांचे तक्ते किंवा टॅबलेटवरचं बोलकं ॲप दिलं तर मूल बोलायचा कंटाळा करेल, ही भीतीही निराधार आहे. अभ्यासांमध्ये तसं दिसलेलं नाही, उलट काही मुलं त्या आधाराने जास्तच बोलू लागली.

मोठी माणसं आपापल्या युक्त्या काढतात. फोन करण्याआधी मुद्दे कागदावर उतरवतात, बैठकीत आधी हात वर करून जागा धरून ठेवतात आणि मग वाक्य जुळवतात. समोरच्याने मात्र एक करावं. उत्तर येईना म्हणून लगेच प्रश्नाचे शब्द बदलू नयेत, कारण तसं केलं की अर्ध्यावर आलेली जुळवाजुळव मोडते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागते.