सार्वत्रिक लस-उपलब्धता

प्रतिबंधक लस प्रत्येकाला विनामूल्य आणि भेदभावाविना मिळावी, यासाठीचे सार्वजनिक धोरण आणि व्यवस्था. यातले ‘विनामूल्य’ आणि ‘समान’ हे शब्द बरेचदा एकाच अर्थाने वापरले जातात. तसे ते नाहीत. लस मोफत करायला एक सरकारी निर्णय पुरतो. पण केंद्र दूर असेल, तिथे जाण्यात दिवसाची मजुरी बुडत असेल, नोंदणीला ओळखपत्र किंवा स्मार्टफोन लागत असेल, तर फुकटची लसही महागात पडते. स्थलांतरित मजूर आणि निर्वासित यांची मुले नेमकी इथेच सुटतात. गोवराचा फैलाव थांबायला सुमारे ९५ टक्के लोकांत प्रतिकारशक्ती असावी लागते. देशाची सरासरी चांगली असूनही लस न मिळालेली मुले एकाच वस्तीत असली, की साथ तिथेच भडकते.

देवीचे निर्मूलन हा या क्षेत्रातला सर्वांत मोठा विजय. जागतिक आरोग्य संघटनेने १९६७ मध्ये मोहीम तीव्र केली. तिच्या यशात साधनांच्या साधेपणाचा वाटा मोठा होता : उष्ण हवेत टिकणारी, गोठवून सुकवलेली लस आणि थोड्या प्रशिक्षणानंतर कुणालाही वापरता येणारी दुतोंडी सुई. नैसर्गिक संसर्गाचा शेवटचा रुग्ण १९७७ मध्ये सोमालियात आढळला आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झाले. दरम्यान १९७४ मध्ये संघटनेने क्षय, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, पोलिओ, गोवर यांच्या लसी सर्व बालकांना देण्याचा विस्तारित कार्यक्रम सुरू केला होता.

लसींच्या किमतीचा प्रश्न मुख्यतः एकत्रित खरेदीने हाताळला जातो. २००० मध्ये स्थापन झालेली ‘गावी’ (Gavi) ही आंतरराष्ट्रीय संस्था गरीब देशांची मागणी एकवटून उत्पादकांकडून कमी दर मिळवते. देशाचे उत्पन्न वाढेल तसा त्याचा खर्चातला वाटाही वाढतो. मदतीच्या निकषात न बसणाऱ्या मध्यम उत्पन्नाच्या देशांची मात्र ओढाताण होते.

कोविड-१९ च्या साथीत या व्यवस्थेची मर्यादा उघडी पडली. कोव्हॅक्स या सामायिक योजनेचे उद्दिष्ट २०२१ अखेर दोन अब्ज मात्रांचे होते; प्रत्यक्षात पहिल्या अब्जाचा टप्पा जानेवारी २०२२ मध्ये गाठला गेला. श्रीमंत देशांनी कंपन्यांशी थेट करार करून रांगेत पुढची जागा धरली होती, आणि त्यांनी दान केलेल्या बऱ्याच मात्रा मुदत संपत आली असताना पोचल्या. भारत व दक्षिण आफ्रिका यांनी ऑक्टोबर २०२० मध्येच जागतिक व्यापार संघटनेत बौद्धिक संपदेचे नियम तात्पुरते शिथिल करण्याचा प्रस्ताव मांडला होता. जून २०२२ मध्ये झालेला निर्णय त्यामानाने फारच तोकडा निघाला, आणि तोवर सर्वाधिक निकडीचा काळ उलटून गेला होता. अर्थात केवळ पेटंट खुले करून भागत नाही. उत्पादनाची कृती, प्रशिक्षित माणसे आणि कच्चा माल हेही मिळावे लागते.

शेवटचा टप्पा लसीकरण केंद्रातला. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. गोवराच्या दहा मात्रांच्या कुपीत द्रावण मिसळल्यावर ती सहा तासांत संपवावी लागते, नाहीतर फेकून द्यावी लागते. म्हणून एकच बालक आले तर कुपी फोडायला कर्मचारी कचरतात आणि आईला ‘पुढच्या वेळी या’ म्हणून परत पाठवतात. तिला पुन्हा येणे जमेलच असे नाही. उरलेल्या नऊ मात्रा वाया गेल्या तरी चालतील, पण त्या एका मुलासाठी कुपी उघडावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे.